भिंत आपली, चित्र कोणाचे?

नव्या घराचा ताबा मिळतो, रंगकाम उरकते, फर्निचरही जागेवर लागते. तरी दिवाणखान्यातली एक भिंत मोकळीच राहिलेली असते. अंतर्गत सजावटकाराने आराखड्यात तेथे एक चौकोन काढून त्यात नुसते 'म्यूरल' असे लिहून ठेवलेले असते. कंपनीच्या स्वागतकक्षात, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात किंवा हॉटेलच्या लॉबीत हाच चौकोन मोठा होतो आणि त्याबरोबर खर्चही वाढतो. पूर्वी अशा जागी निसर्गदेखावा, राधाकृष्ण किंवा धावणारे सात घोडे येत. आता अमूर्त भित्तिचित्राची मागणी होऊ लागली आहे. का, असे विचारले तर 'मॉडर्न दिसते' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. उत्तर नसले तरी चालते. मात्र काम सांगण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेले नसले, तर पुढे ते महागात पडते.

प्रदर्शनातले चित्र विकत घेणे आणि भित्तिचित्र करवून घेणे हे दोन निराळे व्यवहार आहेत. प्रदर्शनातले चित्र डोळ्यांसमोर असते. ते आवडले तर घ्यावे, घरी शोभले नाही तर दुसऱ्या खोलीत लावावे, अगदीच नको झाले तर विकावे. भित्तिचित्राला यातली कोणतीच मुभा नसते. पैसे ठरतात तेव्हा ते अस्तित्वात नसते आणि अस्तित्वात आल्यावर ते जागेवरून हलत नाही. त्यातून ते अमूर्त असले की पेच आणखी वाढतो. गणपती सांगितला तर गणपती झाला की नाही, हे कोणालाही पाहता येते. अमूर्त चित्राच्या बाबतीत 'सांगितले होते तसे झाले नाही' ही तक्रार सिद्ध कशी करायची आणि खोडून तरी कशी काढायची?

म्हणूनच अमूर्त चित्र सांगताना विषयाऐवजी जागेबद्दल बोलावे, असा जाणकार चित्रकारांचा आग्रह असतो. 'काहीतरी पॉझिटिव्ह एनर्जी देणारे हवे' या वाक्यातून चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. या भिंतीसमोर माणसे बसणार की समोरून चालत जाणार, किती अंतरावरून पाहणार, सकाळी उजेड कोणत्या बाजूने येतो, रात्री दिवे कसे असतात, ही माहिती त्याच्या खऱ्या उपयोगाची असते. चार-पाच फुटी बोळवजा पॅसेजमध्ये बारा फुटांचे चित्र एका नजरेत कधीच दिसत नाही. ते चालता चालता तुकड्या-तुकड्यांनी दिसते. तेथे एकच मोठा आकार मध्यभागी ठेवला तर तो वाया जातो. डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी लय मात्र अशा ठिकाणी फार खुलते. याउलट, दुमजली उंचीच्या लॉबीत बारीक कलाकुसर वीस फुटांवरून निव्वळ धुरकट दिसते.

पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाचे तुकडे चित्रकारापुढे टाकून 'यातलेच रंग घ्या' असे सांगण्याची पद्धत बरीच रूढ आहे. पडदे चार-पाच वर्षांत बदलतात, भित्तिचित्र तेथेच राहते, एवढे लक्षात घेतले तरी हा हट्ट सैल व्हावा. अमुक दिशेच्या भिंतीवर लाल रंग नको, ही सूचनाही हल्ली अपवादाची राहिलेली नाही. ती असेल तर पहिल्याच भेटीत सांगितलेली बरी. रंग चढल्यावर सांगितली की चित्रकार आणि घरमालक या दोघांचेही ग्रह फिरतात.

चित्रकाराची निवड करताना छायाचित्रांच्या फायलीवर विसंबू नये. त्याने केलेले निदान एक काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि शक्यतो ते पाच-सहा वर्षे जुने असावे. नवे असताना सगळीच कामे चांगली दिसतात. मोठे काम असेल तर दोघा-तिघांकडून रेखाटने मागवण्याचा मार्ग आहे आणि मुंबईत त्याचे एक ठळक उदाहरण आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रवेशदालनासाठी भित्तिचित्र करवून घ्यायचे ठरले, तेव्हा डॉ. होमी भाभा यांनी अनेक चित्रकारांकडून रेखाटने मागवली आणि त्यातून मकबूल फिदा हुसेन यांची निवड केली. सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच असे 'भारत भाग्य विधाता' त्या भिंतीवर साकारले. ते पूर्णपणे अमूर्त नाही. परंतु एवढ्या लांबीच्या भिंतीवर नजर कशी खेळती ठेवावी, हे पाहायचे असेल तर त्याच्याइतका चांगला धडा शहरात विरळा. मात्र रेखाटने मागवायची तर त्यांचे मानधन द्यावे. फुकट रेखाटने गोळा करून, त्यातले आवडलेले स्वस्तात दुसऱ्याच रंगाऱ्याकडून करून घेण्याचे प्रकार घडतात. ही तर उघड उचलेगिरी झाली.

रेखाटन कागदावर छान दिसले म्हणून होकार देण्यात धोका असतो. एक इंच म्हणजे एक फूट अशा प्रमाणात काढलेले रंगीत चित्र हातात धरले की डोळा साऱ्या रंगांना एकदम कवेत घेतो. तोच लाल रंग सहा फुटांचा झाला की खोलीवर चाल करून येतो. त्यामुळे रेखाटनानंतर दोन-तीन फुटांचा एक तुकडा प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष साहित्यात करून घ्यावा आणि तो त्या भिंतीवर आठवडाभर टांगून ठेवावा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर तो पाहावा. मतभेद असतील तर ते येथेच मिटवावेत. एकदा नमुना मान्य झाला की पुढे भिंतीवर चित्रकाराचा हात मोकळा ठेवणेच शहाणपणाचे असते. रोज परांचीखाली उभे राहून सूचना देणारे यजमान चित्राचे हमखास नुकसान करतात.

आता भिंतीविषयी. चित्रकाराइतकेच काम गवंड्याचे असते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. अजिंठ्यात रंगांच्या खाली जो थर आहे, तो मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून केलेला असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. रंगापूर्वी भिंत घडवावी लागते, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. आज सिमेंटचा गिलावा होतो आणि ताबा देण्याच्या घाईत त्यावर लगोलग पुट्टी चढते. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगावर परिणाम करतो आणि आत कोंडलेला ओलावा बाहेर पडताना रंगाचे पोपडे काढतो. नव्या गिलाव्याला किमान महिनाभर आणि पावसाळ्यात त्याहून अधिक काळ सुकू द्यावे. ओल तपासण्याची एक सोपी रीत आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून तयार नाही, असे समजावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत पश्चिमेकडे उघड्या असलेल्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला भित्तिचित्र घेणे म्हणजे पावसाशी दर वर्षी नवी पैज लावणे होय. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल किंवा आतून नळ गेला असेल तर तोही विचार करावा. नळ कधीतरी गळणार, आणि तो दुरुस्त करायला येणारा प्लंबर हातात छिन्नी घेऊनच येतो.

यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे चित्र थेट भिंतीवर न करता पॅनेलवर किंवा कॅनव्हासवर करून मागाहून बसवणे. पॅनेलच्या मागे थोडी पोकळी राहते, हवा खेळते, ओल थेट रंगापर्यंत पोहोचत नाही. चित्रकाराला आपल्या कार्यशाळेत निवांत काम करता येते, घरात महिनाभर परांची आणि वास राहत नाही, आणि मुख्य म्हणजे वेळ आलीच तर ते उतरवता येते. उणीव एवढीच की सांधे दिसतात. कुशल चित्रकार ते सांधे रचनेतच मुरवून टाकतो. मातीच्या भाजलेल्या फरशा, सिरॅमिक, लाकूड, पितळ किंवा तांब्याचा पत्रा यांतले उठावाचे काम असेल तर वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. विटांच्या भिंतीला जे पेलते, ते जिप्समच्या पार्टिशनला किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला पेलेलच असे नाही; त्यामुळे मागे लोखंडी चौकट घ्यायची की नाही, हे वास्तुविशारदाने भिंत उभी राहण्यापूर्वीच ठरवावे. एसीचा डक्ट, दिव्यांची बटणे आणि अग्निशमनाची नळी यांच्या जागाही तेव्हाच ठरतात. तयार चित्राच्या मधोमध स्विचबोर्ड बसवलेला पाहण्याचा योग काही चित्रकारांच्या नशिबी आलेला आहे.

उजेडाची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण तिथे थोरामोठ्यांचीही फसगत झाली आहे. अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या होलिओक सेंटर या इमारतीतील वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहासाठी पाच भव्य चित्रे केली. १९६४ मध्ये ती तेथे लागली. त्यांतल्या गडद किरमिजी छटांसाठी त्यांनी 'लिथॉल रेड' नावाचे रंगद्रव्य वापरले होते. ते उजेडाला टिकत नाही. भोजनगृहाला मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि खिडकीबाहेर शहराचे सुरेख दर्शन घडत होते. पडदे ओढून ठेवणे अपेक्षित असले तरी जेवणाऱ्यांना बाहेरचे दृश्य हवे असे. परिणाम व्हायचा तोच झाला. काही वर्षांतच किरमिजी रंग उडून फिकट निळसर झाला, तोही सर्वत्र सारखा नव्हे. १९७९ मध्ये ती चित्रे उतरवून कोठीत ठेवण्यात आली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या कलासंग्रहालयात ती पुन्हा मांडली गेली, तेव्हा उडालेला रंग भरून काढण्यासाठी प्रोजेक्टरने नेमका तेवढाच रंगीत प्रकाश त्यांच्यावर टाकण्यात आला. मूळ रंगाला हात न लावता रंग परत आणण्याची ही युक्ती विलक्षणच. पण दिवाणखान्यात ती कोणाला परवडणार? त्यापेक्षा रंगांच्या नळीवर छापलेला प्रकाशात टिकण्याचा दर्जा चित्रकाराकडून लिहून घ्यावा आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीचा मोह टाळावा, हे सोपे.

रॉथको यांचाच आणखी एक प्रसंग या विषयात वारंवार सांगितला जातो. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील 'फोर सीझन्स' या उंची उपाहारगृहासाठी त्यांना चित्रमालिका सांगण्यात आली. दीड-दोन वर्षे खपून त्यांनी मोठमोठे कॅनव्हास रंगवले. मग एके दिवशी ते स्वतःच तेथे जेवायला गेले. एवढ्या किमतीचे जेवण घेणारी ती श्रीमंत मंडळी, ती बडदास्त, तो थाट पाहून त्यांनी काम नाकारले आणि घेतलेली रक्कम परत केली. त्यांतली नऊ चित्रे पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाला मिळाली. ती लंडनला पोहोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० रोजी, न्यूयॉर्कमध्ये रॉथको यांचा मृत्यू झाला. सामान्य घरमालकाने यातून घ्यायचे ते इतकेच की चित्रकाराला जागा आधी नीट दाखवावी. केवळ नकाशा पाठवून भागत नाही. जागेत माणसे कशी वावरतात, हे पाहिल्यावर चित्रकाराचे मत बदलले, तर ते पहिला हप्ता देण्यापूर्वीच बदललेले परवडते.

पैशांविषयी मोकळेपणाने बोलायला दोन्ही पक्ष संकोचतात आणि मग वाद होतात. बोलताना चौरस फुटाचा दर सांगितला जातो. परंतु त्या दरात काय धरलेले आहे, हे विचारले जात नाही. परांची कोणाची, गिलाव्याची दुरुस्ती कोणी करायची, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी कोणाची, प्रकाशयोजनेचे दिवे चित्राच्या खर्चात येतात की विजेच्या कामात? सामान्यतः रेखाटनाच्या मंजुरीला एक हप्ता, साहित्य खरेदीला दुसरा, काम निम्मे झाल्यावर तिसरा आणि बसवल्यानंतर अखेरचा, अशी विभागणी दोघांनाही सोयीची ठरते. रेखाटनापाशीच जमले नाही तर पहिला हप्ता चित्रकाराचा आणि रेखाटनही चित्रकाराचेच, हे लेखी असावे. किती वेळा बदल सुचवता येतील, तेही. कामाचा क्रमही ठरवून घ्यावा. फरशीचे कटिंग आणि सुताराचे पॉलिश संपल्याशिवाय चित्राला हात लावू नये, अन्यथा ओल्या रंगावर भुसा बसतो.

सर्वांत अवघड प्रश्न चित्र पूर्ण झाल्यावर सुरू होतो. भिंत मालकाची, पैसेही मालकाचेच. मग चित्र कोणाचे? भारतात या प्रश्नाचे उत्तर एका भित्तिशिल्पानेच मिळवून दिले. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या लॉबीसाठी केंद्र सरकारने १९५७ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांना ब्राँझचे भित्तिशिल्प करण्यास सांगितले. सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे हे काम होते. १९७९ मध्ये इमारतीच्या नूतनीकरणात ते भिंतीवरून उतरवले गेले आणि कोठारात टाकले गेले; त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल यांनी दाद मागितली आणि अखेर १९९२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २१ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. सरकारने पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि भित्तिशिल्पाचे जे काही अवशेष उरले असतील ते सहगल यांना परत करावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. ब्राँझ सरकारच्या पैशांनी ओतले गेले होते, तरीही कलाकृतीची मोडतोड करून कलावंताच्या लौकिकाला बाधा आणण्याचा अधिकार मालकाला नाही, असा त्याचा अर्थ. उतरवण्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षे गेली.

या निकालाचा आधार कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम. हा कायदाही १९५७ चाच. कलाकृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची विद्रूप मोडतोड रोखण्याचा किंवा तीबद्दल भरपाई मागण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. कॉपीराइट विकला तरीही राहतो आणि त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. मात्र त्याच कलमात असेही स्पष्ट केले आहे की, कलाकृती न मांडणे किंवा कलावंताच्या मनाजोगती न मांडणे हा या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे भित्तिचित्रासमोर पडदा सोडणे कायद्यात बसते. त्यावर पोटमाळ्याचा दरवाजा फोडणे आणि उरलेले तसेच ठेवणे वादाला निमंत्रण देते.

मग भिंतच पाडली तर? येथे चित्र थोडे धूसर आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' ही १९७२ ची वास्तू २०१७ मध्ये पाडण्यात आली, तेव्हा तिचे वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाखाली दाद मागितली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. वास्तू पूर्णपणे पाडल्यावर विद्रूप असे काही पाहायला उरत नाही, त्यामुळे लौकिकाला बाधा येण्याचा प्रश्न येत नाही आणि जमिनीच्या मालकाला पुन्हा बांधण्यापासून रोखता येत नाही, असा विचार त्या निकालामागे होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की घरमालक आणि चित्रकार दोघांचीही झोप उडावी. अर्धवट मोडले तर दोष, समूळ नष्ट केले तर नाही, असा काहीसा विचित्र अर्थ त्यातून निघू शकतो. २००५ च्या निकालात तर संपूर्ण नाश हा मोडतोडीचाच टोकाचा प्रकार मानला गेला होता.

कॉपीराइटचा मुद्दा याहून वेगळा आणि बहुतेकांना अनपेक्षित आहे. मोबदला देऊन चित्र रंगवून घेतले असेल आणि करारात काहीच लिहिलेले नसेल, तर कलम १७ नुसार कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. या तरतुदीत चित्र आहे, छायाचित्र आहे, शिल्प नाही. त्यामुळे रंगवलेले भित्तिचित्र कंपनीने आपल्या दिनदर्शिकेवर छापले तर चित्रकाराला बोलता येणार नाही. पण तेच ब्राँझच्या किंवा मातीच्या उठावशिल्पाचे छायाचित्र असेल तर शिल्पकाराची परवानगी घ्यावी लागेल. रंग आणि उठाव दोन्ही असलेले काम कशात मोडते, यावर वकील आनंदाने बराच वेळ बोलतील. दोन ओळींच्या कलमाने हा वेळ वाचतो.

मुंबई-पुण्यात या कागदांना वेगळीच निकड आहे. तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. फ्लॅटचा मालक, सोसायटी आणि बिल्डर यांच्यातल्या करारात चटईक्षेत्रापासून पार्किंगपर्यंत सारे असते, तळमजल्याच्या प्रवेशदालनातल्या भित्तिचित्राचा उल्लेख मात्र सहसा नसतो. इमारत रिकामी होते, पाडकामाचा ठेकेदार येतो आणि पितळ असेल तर भंगाराच्या भावाने जाते. हे टाळायचे तर चित्र सांगतानाच पुढची कलमे घालून ठेवावी लागतात. भिंत पाडायची, विकायची किंवा बदलायची झाल्यास चित्रकाराला, तो नसेल तर त्याच्या वारसांना, तीन महिने आधी लेखी सूचना द्यावी. त्या मुदतीत त्यांना छायाचित्रे घेता यावीत आणि स्वखर्चाने काम उतरवून नेता यावे. मुदत टळली तर मालक मोकळा. जागा विकली गेल्यास हेच कलम नव्या मालकाच्या खरेदीखतातही यावे. पॅनेल कोणत्या क्रमाने बसवले आहेत आणि बोल्ट कोठे आहेत, याचा नकाशा चित्रकाराकडून करून घ्यावा. त्याच फायलीत रंगांची नावे व क्रमांक, वरच्या वॉर्निशचा प्रकार, आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावी, ओले फडके अजिबात फिरवू नये, ही सूचना असावी. ही फाईल घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात राहावी. शेवटच्या सूचनेची एक प्रत मात्र सफाईला येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी.